मुकं वावर

एका गावात एक पाट होता. माणसं मागून येतील, आधी पाटाचंच सांगते, कारण त्या गावात पाट थोरला आणि माणसं धाकटी असंच मानत.

डोंगरातून एक ओढा यायचा. कुण्या काळच्या लोकांनी दगडावर दगड रचून त्याला बंधारा घातला होता. बंधाऱ्याला एक लाकडी फळी. फळी उचलली की पाणी पाटात उतरायचं आणि सगळ्या वावरांच्या कडेने थेट शिवाराच्या शेवटच्या बांधापर्यंत जायचं. आता तुम्ही म्हणाल, बंधाऱ्याजवळचं वावर आधी भिजत असेल. छे! तिथे उलटी रीत होती. शेवटचं वावर आधी भिजवायचं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं, आणि बंधाऱ्याला लागून असलेलं पहिलं वावर सगळ्यांच्या मागून. जुनी माणसं म्हणत, "शेवटच्याला आधी पाजा, म्हणजे मधला कुणी पाट तुंबू देणार नाही." खरंच होतं ते. खालच्याचं भिजल्याशिवाय आपली पाळी नाही म्हटल्यावर कोण गाळ साचू देईल?

आणखी एक रीत होती. पाण्याला हाक मारायची. पाळीच्या दिवशी सकाळी ज्याने त्याने आपल्या बांधावर उभं राहायचं. शेवटच्या वावरातून पहिली हाक उठायची, "ये गं माये, ये!" ती वरच्याने ऐकायची आणि पुढे द्यायची. अशी तोंडातोंडी हाक बंधाऱ्यापर्यंत चढायची. तिथे साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते. पहिल्या वावराच्या धन्याने त्यांच्यासमोर शेवटची हाक द्यायची आणि मगच फळीला हात लावायचा. पोरं हसायची. म्हणायची, पाण्याला काय कान असतात?

असतात की. ऐका पुढे.

ते पहिलं वावर होतं भिवबाचं. माणूस वाईट नव्हता हो. कष्टाला वाघ होता. पण मनात एक काटा घेऊन जगायचा. पाणी त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच बांधाला घासून खाली जायचं आणि त्याची जमीन तोवर कोरडी. "ताट माझ्यापुढे आणि जेवणार दुसरीच," तो बायकोला म्हणायचा. ही दुसरी म्हणजे तान्हूबाई. तिचं वावर सगळ्यांत शेवटी, टीचभर. नवरा गेलेला, दोन लेकरं पदरात, आणि जीभ अशी की गावची कुत्रीसुद्धा तिला वाट सोडत.

"कायम तिचीच पाळी आधी का?" भिवबा विचारायचा.

"रीत आहे," बायको म्हणायची.

"रीत गेली चुलीत!"

असं बोलू नये. कुणीतरी ऐकत असतं.

एके दिवशी ऐन दुपारी, ज्या वेळेला आपण लेकरांना ओढ्याकडे फिरकू देत नाही त्या वेळेला, भिवबाच्या बांधाशी पांढऱ्या घोड्यावरून एक स्वार येऊन थांबला. पांढरे कपडे, डोक्याला पांढरं पागोटं, तोंडावर हसू. घोड्याच्या गळ्यात घुंगरमाळ होती. घोडा मान हलवत होता, घुंगरं हलत होती, आणि आवाज मात्र काही येत नव्हता. भिवबाच्या ते ध्यानात आलं. त्याने मनाशी म्हटलं, आतले खडे पडले असतील. माणसाला भूल पडायची असली की तो स्वतःच स्वतःची समजूत घालतो.

"राम राम," पाहुणा म्हणाला. "मी सौदागर. डोंगरापलीकडे आम्ही नगर वसवलंय. आता अलीकडे वाढवायचंय. तुमचं हे वावर द्या, त्याच्या बदल्यात घर घ्या. दगडी घर, दारात हौद. हौद बारमास भरलेला. हाक नाही, पाळी नाही. ज्याचं पाणी त्याच्या दारात."

"आणि ही उभी ज्वारी?"

"तुमचीच की. सावकाश काढा. आज फक्त चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकू द्या."

भिवबा घुटमळला. "गावाला विचारलं पाहिजे."

"का बरं? तुमची पाळी शेवटची ठरवताना गावाने तुम्हाला विचारलं होतं?"

झालं. घाव नेमका दुखऱ्या जागी बसला. सौदागराने नव्या घराची एक पितळी किल्ली पुढे केली. भिवबाने रस्त्यावर उभ्या उभ्याच ती घेतली आणि कमरेला खोचली.

आता वावरात कोण होतं ते ऐका. मधोमध माळा उभारलेला होता, आणि त्या माळ्यावर गोफण घेऊन भिवबाची लेक चिमा पाखरं राखत होती. चिमा म्हणजे तोंडाची टकळी. झोपेतसुद्धा बोलायची. तिच्या ओरडण्याने पाखरं तर उडायचीच, पण रस्त्याने जाणारा माणूसही दचकायचा. सौदागराने पहिली खुंटी ठोकली. मोगरी खुंटीवर आपटत होती, पण ठोका ऐकू येत नव्हता. दुसरी ठोकली, तशी ज्वारीची पानं हलत राहिली आणि त्यांची सळसळ थांबली. तिसरीला पाखरं गप्प झाली. चौथी आत गेली तेव्हा चिमा माळ्यावर उभी राहून हात हलवत होती आणि तिचं तोंड उघडझाप करत होतं.

भिवबा "चिमेऽऽ" करत आत धावला. बांध ओलांडला आणि त्याची स्वतःचीच हाक त्याच्या कानांवर आली नाही. त्याने लेकीला उचललं, रस्त्यावर आणलं. रस्त्यावर त्याचा आवाज परत आला. चिमाचा नाही आला. खुंट्या ठोकताना ती आत होती ना! वळून बघतो तर सौदागर नाही, घोडा नाही, धुळीत टापांचा ठसासुद्धा नाही.

त्या घरात काय अवकळा आली म्हणून सांगू! वैद्य झाला, देवऋषी झाला, मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. पोर दिवसभर काहीतरी सांगू बघायची. बापाचा सदरा ओढायची, तोंड हलवायची, मग रडायची, आणि रडण्याचाही आवाज नाही. भिवबाला घास गिळवेना. आई तिला कुशीत घेऊन बसून राही. माळ्यावर जायला आता कुणीच नव्हतं.

तशात पाण्याची पाळी आली. तान्हूबाईचा गहू ओंबीवर आलेला, तिने खालून खणखणीत हाक दिली. हाक चढत चढत भिवबाच्या वावरापर्यंत आली. वावरात शिरली आणि विझली. भिवबाने बंधाऱ्यावर जाऊन पुन्हा हाक मारली. पण बंधारा त्याच्या वावरालाच लागून, खुंट्यांचं मुकेपण तिथवर पोचलेलं. त्याचे नुसते ओठ हलले. तरी घाबरत घाबरत त्याने फळी उचलली.

आणि पाणी आलं नाही. फळी वर, समोर मोकळा पाट, आणि पाणी तिथेच उभं. भिंत उभी राहावी तसं. आतून एक मासोळी आली, कडेपर्यंत आली, आणि बाहेरच्या माणसांकडे बघून मागे फिरली. बघणाऱ्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. कुणीतरी हातानेच खूण केली, फळी खाली टाका. भिवबाने टाकली.

मग मात्र गाव भिवबाच्या नावाने खडे फोडायला लागलं. "एकट्याने केलंस, एकट्याने निस्तर!" असं पाटील चारचौघांत म्हणाले. तेही बरोबरच होतं म्हणा. फक्त एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं. त्याच आठवड्यात ऐन दुपारी पांढरा घोडा बऱ्याच दारांशी दिसला होता. विचारलं की जो तो सांगायचा, "पाहुणा पाणी प्यायला थांबला होता." एवढी तहान लागलेला पाहुणा मी तरी ऐकला नाही!

भिवबाने ठरवलं, नगरात जायचं, सौदागराला गाठायचं, किल्ली त्याच्या तोंडावर फेकायची आणि लेकीचा आवाज मागायचा. डोंगरापलीकडे चिमाच्या मामाचं गाव होतं. हा मेव्हणा मोठा गडगडाटी माणूस. तिकडून ओरडला तर इकडे बहिणीला कळायचं की भाऊ आज खुशीत आहे. बऱ्याच दिवसांत त्याची आरोळी आली नव्हती. त्याचा विचार तोवर कुणी केलाच नव्हता.

डोंगर चढून भिवबाने पलीकडे पाहिलं. गाव नव्हतं, शिवार नव्हतं. नगर होतं. दगडी घरांच्या रांगा, फरशीचे रस्ते, चकचकीत. भरदिवसा रस्त्यावर माणूस नाही. प्रत्येक दारापुढे हौद, काठोकाठ भरलेला. त्याने हौदात ओंजळ बुडवली. पाणी ओंजळीतून गळालं, थेंब पडले, आणि टपकल्याचा आवाज झाला नाही. त्याला ते पाणी तोंडाला लावायचा धीर झाला नाही.

वर बघतो तर प्रत्येक खिडकीत एक माणूस. सगळ्यांची तोंडं हलत होती. कुणी गात असावं, कुणी भांडत असावं, कुणी मुलाला हाका मारत असावं. एक म्हातारी तर छाती पिटून रडत होती. आणि शेजारच्या खिडकीतल्याला त्याचा पत्ता नाही.

एक दार उघडलं. आतून मेव्हणा धावत आला आणि त्याने भिवबाचे दोन्ही खांदे धरले. तोंड आ वासून ओरडत होता बिचारा, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. कानाला लावलेल्या शंखात येतो तेवढाही आवाज नाही. भिवबाला रडू कोसळलं. मेव्हण्याने त्याला हाताला धरून घराच्या कोपऱ्याशी नेलं. तिथे फरशीतून एक पांढरी खुंटी वर आली होती. मेव्हण्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. हलली नाही. भिवबाही ओढायला लागला. हलली नाही. मग मेव्हण्याने खिडक्यांकडे बोट दाखवलं. एक खिडकी, दुसरी, तिसरी, सगळी रांग. हात जोडले, बोलावण्याची खूण केली. खिडक्यांतली माणसं बघत होती. आपापल्या दाराकडे बघत होती. एकही दार उघडलं नाही.

भिवबाला कळलं. ठोकायला एक माणूस पुरतो, उपटायला अख्खं गाव लागतं. त्याने मेव्हण्याला ओढून न्यायचं पाहिलं, पण नगराच्या वेशीपाशी मेव्हण्याचे पाय उचलेनात. भिवबा एकटाच माघारी आला.

आल्याआल्या तो चावडीवर गेला आणि पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. "चुकलो," म्हणाला. "मला शिव्या द्या, वाळीत टाका. पण उद्या सगळे माझ्या वावरात या. एक जण जरी कमी पडला तरी खुंटी निघायची नाही. माझी लेक मुकी राहील, आणि तुमचं पाणी तिथेच उभं राहील." चिमा त्याच्या शेजारी उभी होती. तिच्याकडे बघून गाव कबूल झालं. चावडीवर तान्हूबाई तेवढी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाव वावराकडे निघालं आणि इकडे तान्हूबाईच्या दारात पांढरा घोडा उभा राहिला.

"माझी जमीन मिळायची नाही," ती आतूनच म्हणाली.

"कोण मागतंय?" सौदागर हसला. "तुमचा गहू वाळतोय बाई. मी पाणी देतो. डोंगरापलीकडून, थेट तुमच्या वावरात, एकट्या तुम्हाला. खुंटी नाही, काही नाही. तुम्ही फक्त आज घरी बसायचं."

"बस्स?"

"बस्स. ज्याने तुमच्या प्रत्येक घोटाला नाक मुरडलं, त्याच्यासाठी कशाला ऊन खाता?" त्याने उंबऱ्यावर त्या पाण्याची म्हणून एक किल्ली ठेवली आणि तो गेला.

तान्हूबाई किल्लीकडे बघत बसली. खोटं कशाला सांगू, तिने ती उचलली. बाहेर तिचा गहू पिवळा पडत होता, आत लेकरं होती, आणि भिवबाचे टोमणे तिने वर्षानुवर्षं ऐकले होते. घरी बसायला कुठे पाप लागतं? तेवढ्यात तिच्या धाकट्याने विचारलं, "आये, चिमी आता कधीच नाही बोलायची?" तान्हूबाईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि डोळ्यांना पदर लावला.

वावरात गाव खुंटी ओढत होतं. एकमेकांच्या कमरेला मिठ्या मारून, दोरी लावून, घामाघूम होऊन. "हैय्या" म्हणावं तर आवाज नाही. खुंटी हलेना. शेवटी सगळे थकून रस्त्यावर आले, आणि समोरून तान्हूबाई आली.

भिवबाने मान खाली घातली. "वैनी, मी तुमच्या पाण्यावर डोळा ठेवला."

"ठेव की. डोळ्याने पाणी आटत नाही," ती म्हणाली. "मी पोरीसाठी आलेय, तुझ्यासाठी नाही. उगाच गळ्यात पडू नकोस."

मग तिने कमरेची किल्ली काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे बघा. तो माझ्याकडेही आला होता. घरी बस म्हणाला. मी बसले होते. मेल्यांनो, मला उशीर झाला तो या किल्लीने झाला." तिने ती रस्त्यावर फेकली. दगडावर पडली, पण खणकन वाजली नाही.

भिवबाने आपली फेकली.

"आणि बाकीच्यांची?" तान्हूबाईने कमरेवर हात ठेवले. "पाटील, तुमचं धोतर एका बाजूला का हो ओढल्यासारखं दिसतंय?"

पाटील लाल झाले. पण त्यांनी किल्ली काढली. मग सुताराने काढली. मग वैद्यांनी. चोळीतून निघाली, बटव्यातून निघाली, देवऋष्याच्या झोळीतून निघाली. अरे, गावात ज्याच्याकडे किल्ली नाही असं घर शोधावं लागलं असतं! कमरेला किल्ली बांधून खुंटी उपटायला निघाले होते शहाणे. हात ओढत होते आणि मन त्या दगडी घरात जाऊन बसलं होतं. खुंटी निघावी कशी?

किल्ल्यांचा ढीग तिथेच टाकून सगळे पुन्हा आत गेले. या वेळी खुंटी हलली. ती वरून हातभर दिसत होती, पण निघता निघेना. ओढताहेत, ओढताहेत, आणि ती येतेच आहे. माणसाच्या उंचीहून लांब निघाली. खालच्या टोकाला पांढरी मुळं फुटली होती, ओली आणि थंडगार. सगळ्या मुळांची टोकं बंधाऱ्याकडे वळलेली होती. दुसरी निघाली, तिसरी निघाली, तसतशी कुठेतरी लांबून, जमिनीखालून आल्यासारखी ज्वारीची सळसळ ऐकू यायला लागली. चौथ्या खुंटीला चिमाने स्वतः हात लावला.

ती निघाली आणि सगळा आवाज एकदम अंगावर आला. वारा, ओढा, बैल, माणसांचं धापा टाकणं. आणि त्या सगळ्याच्या वर एक किंचाळी.

"बाबा, पाखरं! किती दिवस सांगतेय, पाखरं पडलीत कणसांवर, पाखरं!"

भिवबा मटकन खाली बसला आणि हसता हसता रडायला लागला. त्याने वर पाहिलं. कणसं पार रिकामी झाली होती. वर्षाचं धान्य गेलं होतं, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्या वर्षी गावाने आपापल्या कणगीतून त्याला दाणे घातले. तान्हूबाईचा अर्धा गहू तोवर वाळून गेला होता. तिनेही पायलीभर आणून टाकला, वर चार शब्द सुनावले.

खुंट्या निघाल्या त्याच दिवशी पुन्हा हाक झाली. तान्हूबाईने खालून उठवली, भिवबाने वर पोचवली, फळी उचलली. पाणी आलं. आधी तान्हूबाईकडेच गेलं, आणि भिवबा बांधावर उभा राहून ते जाताना बघत राहिला.

सौदागर पुन्हा दिसला नाही. रस्त्यावरचा किल्ल्यांचा ढीग मात्र दुसऱ्या सकाळी तिथे नव्हता. कुणी नेला ते कळलं नाही.

पुढे गाव जमून एकदा डोंगरापलीकडेही गेलं. नगराच्या वेशीपाशी उभं राहून सगळ्यांनी हाका मारल्या, आत जाऊन खुंट्या ओढल्या. हलल्या नाहीत. त्या खुंट्या तिथल्या लोकांच्या होत्या, आणि ते आपापल्या खिडकीत बसून शेजाऱ्याचं दार आधी कधी उघडतं याची वाट बघत होते. चिमाचा मामा तेवढा रस्त्यावर उभा होता, एकटा.

अजून प्रत्येक पाळीला, पाणी सुटलं की चिमाची आई बंधाऱ्यावर चढते, डोंगराकडे तोंड करते आणि "दादा रे!" म्हणून हाक मारते. गाव तेवढा वेळ काम थांबवून कान देतं. पलीकडून अजून काही ऐकू आलेलं नाही.

तात्पर्य म्हणाल तर हेच: जमीन आणि पाणी घालवायला एकट्याचा हट्ट पुरतो, राखायला मात्र सगळं गाव लागतं; आणि गावाने हात लावण्याआधी ज्याने त्याने आपली कंबर चाचपून बघावी.